उंबरा जरा उंच आहे

माझी मुलगी गेम बनवते, असं मी शेजारच्या आजींना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "लाकडी का प्लॅस्टिकचे?" मी म्हटलं, "मोबाइलवरचे." तर त्या डोळे मोठे करून म्हणाल्या, "अगं बया! म्हंजी आमच्या नातवाला बिघडवला तो तुझ्या पोरीनं व्हय?" आता यावर मी काय बोलणार, कपाळ!

त्यातून खरी गोष्ट सांगितली असती तर आजींनी आमच्याकडं चहाला येणंच बंद केलं असतं. माझी मुलगी नुसते गेम बनवत नाही, गेममध्ये अवघडपणा घालायचं काम तिच्याकडं आहे. चित्रं दुसरा कोणी काढतो, आवाज-बिवाज तिसरा बघतो. खेळणारा माणूस नेमका कुठं पडेल, पडल्यावर त्याला पुन्हा उठावंसं वाटेल का मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटेल, हे आमच्या बाईसाहेब ठरवतात. बंगलोरला, एका लहानशा कंपनीत. आणि याचा पगार देतात! मी सगळी नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीत काढली, बरीचशी दौंडला आणि शेवटची थोडी केडगावला. लोकांचं काम अवघड केल्याबद्दल मला आयुष्यभर फक्त शिव्या मिळाल्या.

आमचं घर केडगावात, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. आमचे हे पाटसच्या साखर कारखान्यात होते. दोघंही रिटायर झाल्यावर संध्याकाळी ओट्यावर चहा घेऊन बसायचं आणि भांडायचं, हा आमचा कार्यक्रम. भांडणाला विषय ठरलेला. गाडी दिसायच्या आधी आवाजावरनं ओळखायची. मी म्हणायचे मालगाडी, हे म्हणायचे एक्सप्रेस. अहो, माझी सगळी हयात रेल्वेत गेली आणि हा साखरेच्या पोत्यातला माणूस मला गाड्या शिकवतो! पण मी बरोबर निघाले तरी हे कबूल करायचे नाहीत. "डबे एक्सप्रेसचेच होते, माल भरलावता," असलं काहीतरी तोंड वर करून सांगायचे. ते गेले त्याला आता दोन वर्षं होतील. गाड्या आहेत तेवढ्याच जातात. मी अजून तोंडातल्या तोंडात "मालगाडी" म्हणते आणि खरंच मालगाडी जाते. कोणी "नाही" म्हणत नाही. बरोबर असण्याचा इतका कंटाळा येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मुलीचा फोन रविवारी यायचा. जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का, कुणाचं काय चाललंय, बरं ठेवते. ती तरी काय बोलणार आणि मी तरी काय सांगणार? भाजीला काय केलं ते सांगायचे. एकटीला भाजी तरी किती प्रकारची होते! फोन ठेवल्यावर घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटायचं. यापेक्षा फोन आला नसता तर बरं, असंसुद्धा मनात यायचं. आणि पुढच्या रविवारी सकाळपासून फोन मांडीवर घेऊन मी बसलेलीच.

मागच्या दिवाळीला ती आली तेव्हा जाताना एक टॅब देऊन गेली. म्हणाली, "आई, हा आमचा नवा गेम. अजून बाहेर आलेला नाही. आम्ही थोड्या लोकांना खेळायला दिलाय. तूही खेळ, आणि कुठं अडतेस ते मला रोज सांग."

"रोज?"

"रोज. तेच तर काम आहे."

"तुला तिथं आपोआप दिसत नाही का, कोण कुठं पडलं ते?"

ती बॅगेची चेन लावत होती. म्हणाली, "नाही गं. म्हणून तर सांगायचं."

गेममध्ये एक मुलगी आहे. तिच्या डोक्यावर पाण्यानं भरलेला हंडा. विहिरीपासून निघायचं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एका घरी पाणी पोचवायचं, एवढंच. पळालं तर पाणी हिंदकळून सांडतं. फार हळू चाललं तर ऊन पाणी पिऊन टाकतं. वाटेत बांध, निसरडी फरशी, अंगावर येणारी शेळी, वावटळ, काय काय आहे. हंडा रिकामा झाला की मुलगी पुन्हा विहिरीवर उभी. ते गाव मी बघितल्याबरोबर ओळखलं. माझं माहेर, कवठे येमाई. सुट्टीत ही पोरगी तिथंच असायची, मामाच्या घरी. विहिरीकडनं येणारी ती वाट, देवळाकडचा चढ, सगळं तिनं लक्षात ठेवलं होतं आणि आम्हाला एका शब्दानं बोलली नव्हती.

पहिल्या दिवशी मी तिसऱ्या लेव्हलला अडले आणि जी तापले म्हणता! संध्याकाळी फोन लावला. "अगं, वीतभर रुंदीचा बांध, त्यावर डोक्यावर हंडा, आणि समोरनं शेळी! कुठल्या मूर्खानं बनवलंय हे?"

"मी, आई."

"मग तुला मूर्ख म्हटलेलं मागं घेत नाही. माणसं दोन घटका करमणूक म्हणून खेळणार. सरळ जाऊ द्यावं की त्यांना!"

ती हसली. खूप दिवसांनी तिचं असं मोठ्यानं हसणं ऐकलं. मग म्हणाली, "दुसऱ्या लेव्हलला शेळी बघितलीस ना? कुंपणाच्या आत बांधलेली?"

"बघितली. तिचं काय?"

"ती तिथं उगाच नाही. ती आधी दोन पावलं मागं सरकते आणि मग धावते. तेव्हा तुला काही करत नाही, पण तू तिला बघून ठेवलेलं असतंस. आधी ओळख, मग गाठ, मग भांडण. ओळख न करून देता अंगावर सोडली तर तो छळ झाला. अवघड आणि छळ यांच्यात एवढाच फरक असतो. माणूस पडला तरी चालेल, पण आपण का पडलो ते त्याला कळलं पाहिजे."

मला ते एकदम पटलं, पण पटलं असं मी म्हटलं नाही. उलट म्हटलं, "आणि पडल्यावर कुणी काही बोलत कसं नाही गं? हरलात, परत प्रयत्न करा, असं काही लिहून येत नाही."

"पडलेल्याला बोलायचं कशाला? त्याला कळतंच की."

फोन ठेवला तेव्हा माझा चहा पार गार झाला होता. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या मनात आलं, की हे दोन वर्षांचं जे चाललंय, त्याच्यात आधीची सोपी लेव्हल कुणी ठेवलीच नाही. कुंपणाआडनं दाखवलं नाही. सकाळी माणूस दाढी करत होता आणि दुपारी घरात सतरंज्या अंथरल्या. ते कुणी ठरवून अवघड केलं असतं तर निदान त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

शेळी मला चार-पाच दिवसांनी जमली. भर दुपारी. ती मागं सरकली, मी थांबले, ती धावून खाली उतरली आणि मी बांध पार! मी टाळी वाजवली. एकटीच. हात फोनकडं गेला, पण ती कामावर असणार म्हणून थांबले. आणि मग बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की मी पार झाले तर संध्याकाळी बोलायचं काय? "जमलं." "अरे वा." "बरं ठेवते." पुन्हा भाजी.

संध्याकाळी फोन वाजला. "काय गं, शेळीचं काय झालं?"

"काही विचारू नको," मी म्हटलं, "मेली जागची हलत नाही."

तिकीट खिडकीत बसून एक विद्या मला चांगली आली होती. आत काय चाललंय ते काचेबाहेर दिसू द्यायचं नाही. तिनं मला पुन्हा पहिल्यापासून समजावलं, "शेळीकडं बघू नको, तिच्या सावलीकडं बघ." मी म्हटलं, "सावली कुठनं दिसणार, माझा चष्मा जुना झालाय." त्यावरनं डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय निघाला, त्यावरनं तिच्या डोकेदुखीचा, आणि त्यावरनं ती रोज जेवायला काय करते त्याचा. काही करत नाही. खिचडी, नाहीतर बाहेरनं मागवायचं. तिचं लग्न मोडलं तेव्हा तिनं मला ते अगदी थोडक्यात सांगितलं होतं, गाडी रद्द झाल्याची सूचना द्यावी तसं. आता शेळीच्या निमित्तानं मला ते सगळं हळूहळू कळत गेलं. ती फ्लॅटवर आली की आधी सगळे दिवे लावते, हे मला माहीतच नव्हतं. इथं केडगावात मीही तेच करते.

तर असं सुरू झालं. दुपारी सोडवायचं, संध्याकाळी अडायचं. एकेक लेव्हल मी दुपारी एकदा पार करायचे आणि पुढं तीन-तीन चार-चार दिवस फोनवर त्याच लेव्हलला रडायचे. निसरड्या फरशीवर तर मी आठवडा काढला. एकदा बोलता बोलता गाडी गेली. ती म्हणाली, "कुठली गेली गं?"

"मालगाडी."

"छे, एक्सप्रेस वाटली मला."

"तू बंगलोरला बसून मला शिकवतेस होय गं? अगदी बापावर गेलीस!"

दोघी हसलो. गाडी लांब गेली. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.

जत्रेला मी कवठ्याला गेले. चौफुल्यावरनं न्हावरे, शिरूरला गाडी बदलायची आणि पुढं कवठे. टॅब पिशवीत होताच. चुलतभावाच्या घरी ओसरीवर खेळत बसले तर तो शेजारी येऊन टेकला. "आक्का, ह्ये काय लहान पोरीवानी?" मी त्याच्या हातात दिला. पहिल्याच बांधावर त्यानं हंडा उपडा केला. "ह्याच्या मायला! शेळी हाय का रेडा?" वहिनी भाकरी थापताना वाकून बघत होती. म्हणाली, "वन्सं, पाणी वाह्यचा बी खेळ झाला का? मंग आमी जल्मभर खेळलोच म्हनायचं की."

दुपारी कुस्त्यांच्या हगाम्याला गेलो. म्हणजे मी देवळाच्या भिंतीलगत उभी राहिले, लहानपणी उभी राहायचे तिथंच. त्या काळी या आखाड्यात जोड लावायचं काम माझ्या वडिलांकडं होतं. कुणाची कुस्ती कुणाशी, हे आबा ठरवायचे. आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या, अगदी चिल्लीपिल्ली, आणि मग चढत चढत मोठे पैलवान. आबा दोन्ही पोरांना जवळ बोलवायचे, मनगटं धरायचे, पाठीवरनं हात फिरवायचे आणि मग डोळ्यांत बघायचे. हलगी थांबायची तेवढ्यापुरती. एका वर्षी सोसायटीच्या चेअरमनचा मुलगा पहिल्यांदा उतरणार होता. चेअरमन आबांच्या कानाशी लागले, "आबा, पोरगं नवं हाय, जरा बघून द्या." आबांनी बघूनच दिलं. अगदी तोडीस तोड मेंढपाळाचं पोरगं दिलं. चेअरमनच्या मुलानं झुंज अशी दिली की लोक उठून उभे राहिले, पण शेवटी पडला. चेअरमन वर्षभर आबांशी बोलले नाहीत. घरी आई चिडली तेव्हा आबा म्हणाले, "हलकी जोड दिली आसती तर पोरगं आज जिकलं आसतं आन् उद्या घरी बसलं आसतं." तो मुलगा पुढच्या वर्षी लंगोट घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. चेअरमननी पाठवला नव्हता, आपला आपण आला होता.

हे मी मुलीला सांगितलं त्याला कारण झालं. जत्रेहून परत आले त्याच संध्याकाळी तिचा आवाज पडलेला होता. वरच्या साहेबांनी सांगितलं होतं, की गेम फार अवघड झालाय, लोक मध्येच सोडून जातील, सगळं सपाट करा. तिनं मला विचारलं, "आई, तुला काय वाटतं? तूच तर सगळ्यात जास्त अडतेस."

माझ्या अडण्यावरनं तिचा गेम कुणी सपाट केला तर? मी म्हटलं, "मी अडते ते सोड. मी काय सोडून गेले का? रोज विहिरीवर जाऊन उभी राहतेच ना?" आणि मग आबांची गोष्ट सांगितली. तिनं ती मध्ये एकदाही न तोडता ऐकली. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तिनं ती इंग्रजीत सांगितली म्हणे. इंग्रजीत रेवड्यांचं काय केलं कोण जाणे!

सपाट करायचं टळलं. पण साहेबांनी एक अट घातली. खेळणारा फारच पडायला लागला तर गेमनं आपणहून मदत करायची. म्हणून एक कावळा आणला. बदललेला गेम टॅबवर आला आणि त्यात हा कावळा. पुन्हा पुन्हा पडलं की उडत येतो, नेमकं कुठं थांबायचं तिथं जाऊन बसतो आणि मान वाकडी करून बघतो. म्हणजे आता कुणाला विचारायलाच नको! कावळा ओरडला की पाहुणा येतो म्हणतात. या मेल्यामुळं माझा येणारा फोन बंद पडायची वेळ आली.

"आला का गं कावळा?" तिनं विचारलं.

"कुठला कावळा? माझ्याकडं कावळा-बिवळा काही आलेला नाही."

ती म्हणाली, "मग तुझ्या टॅबवर नसेल आला. राहू दे, मीच सांगते."

शेवटच्या लेव्हलला मात्र माझी खरी पंचाईत झाली. त्यात सगळं गाव ओलांडायचं आहे. आधी भेटलेलं सगळं पुन्हा भेटतं, शेळी, फरशी, वावटळ, आणि मग लांबनं ते घर दिसतं. दार उघडं. एके दिवशी मी अंगणापर्यंत पोचले. आणि अंगणात मी थांबले. आत गेले की गेम संपला. गेम संपला की फोन संपला. मी गेममधल्या मुलीला तशीच अंगणात उभी ठेवली. ऊन पाणी पीत गेलं, हंडा सुकला, आणि ती पुन्हा विहिरीवर जाऊन उभी राहिली. मला मेलीची दया आली, पण इलाज नव्हता.

संध्याकाळी काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "अगदी दारापर्यंत जाते गं, आणि उंबऱ्याला ठेच लागते."

मग ती म्हणाली, "उंबऱ्याला?"

"हो. सगळं पाणी सांडतं."

"हां," ती म्हणाली. "उंबरा जरा उंच आहे तो. पाय उचलून टाकावा लागतो."

"बोटानं पाय कसा उचलायचा?"

"दारापाशी आलीस की अंगठा दाबून धर. घाई करू नको. जरा थांब आणि मग सोड."

मग तो उंबरा आम्हाला पुरला. दुपारी अंगणात उभं राहून पाणी वाळवायचं आणि संध्याकाळी उंबऱ्यावर ठेचकाळायचं. ती एकदा म्हणाली, उजवा पाय आधी टाकून बघ. एकदा म्हणाली, उंबऱ्यावर रांगोळी आहे, ती पुसली गेली तर घसरायला होतं, बाजूनं जा. मी म्हटलं, "नवी सून आत घ्यावी तसं चाललंय हे, माप ओलांडायचं तेवढं राहिलंय." ती म्हणाली, "माप ठेवायचं सुचलंच नाही, आधी सांगितलं असतंस तर ठेवलं असतं." आणि या उंबऱ्याच्या आगेमागे आम्ही काय काय बोललो! तिचे बाबा शेवटच्या दिवशी तिच्याशी फोनवर काय बोलले होते ते तिनं मला सांगितलं. ते मी इथं सांगणार नाही.

मग एका शुक्रवारी ती म्हणाली, "आई, गेम आज सगळ्यांसाठी बाहेर आला. टेस्टिंग संपलं. तुझी खूप मदत झाली गं." माझ्या निरोप समारंभात शाल-नारळ देताना आमचे साहेब अगदी याच सुरात बोलले होते. मी विचारलं, "आता पुढं?" तर म्हणाली, "पुढचा मोटारींच्या रेसचा आहे. तुला नाही आवडणार." खरंच, मला त्यातलं काय कळणार होतं!

शनिवारी फोन आला नाही. गडबडीत असेल म्हटलं. रविवारी आला, दोन मिनिटं. मागं माणसांचा गलका होता. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवते. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. मी आपली संध्याकाळी ओट्यावर, चहा गार, आणि गाडी गेली की "मालगाडी". बुधवारी माझं डोकं फिरलं. स्वतःचाच राग आला. साठी उलटलेली बाई, आणि एका चित्रातल्या पोरीला रोज उन्हात तहानलेली उभी करतेय! म्हटलं, पोचवून टाकू एकदाचं पाणी. ज्याचं त्याला देऊन मोकळं व्हावं.

दुपारी दार लावून बसले. बांध, शेळी, फरशी, वावटळ. आता ते सगळं हाताला पाठ होतं. अंगणात आले. नेहमीच्या जागी थांबले नाही. उंबऱ्यासाठी म्हणून अंगठा दाबून धरला, जरा थांबले, आणि सोडला.

उंबरा नव्हताच.

दारात काहीच नव्हतं. सारवलेली जमीन अंगणातनं सरळ घरात गेलेली, एकसारखी. रांगोळी नाही. वारा नाही, शेळी नाही, दारावरच्या झाडाची सावली पडलेली त्यामुळं ऊनसुद्धा नाही. मी मुद्दाम टॅब वाकडा-तिकडा केला, पोरीला पळवून बघितलं. एक थेंब सांडला नाही. एवढ्या सगळ्या वाटेत तेवढीच चार पावलं तिनं अशी ठेवली होती, की तिथं कुणी पडूच शकणार नाही.

आतनं एक म्हातारी आली. तिनं दोन्ही हातांनी हंडा उतरवून घेतला. मग बाजेवर बसली आणि जरा सरकून तिनं जागा केली. मुलगी तिच्या शेजारी बसली. बस, एवढंच. 'जिंकलात' नाही, काही नाही. आपण बंद करेपर्यंत त्या दोघी तशाच बसून राहतात.

मीही बसून राहिले. म्हणजे इतके दिवस ही पोरगी मला नसलेला उंबरा ओलांडायला शिकवत होती. तिनंच ते घर बांधलेलं. तिला माहीत नव्हतं होय, तिथं काय आहे ते? पहिल्याच दिवशी, "उंबऱ्याला?" असं तिनं विचारलं तेव्हाच तिला सगळं कळलं. आणि मग अंगठा दाबून धर, उजवा पाय टाक, रांगोळीच्या बाजूनं जा. मग शेळीचं काय? फरशीवरच्या त्या आठवड्याचं काय? कावळा माझ्याकडं आला नाही असं मी म्हटलं तेव्हा काय? मला रडू आलं, चांगलं मोठ्यानं आलं, आणि रडता रडता हसूही आलं. मी इकडं काचेआड तोंड सरळ ठेवून बसलेली आणि ती तिकडं दुसऱ्या काचेआड.

संध्याकाळी दिवे लावले आणि फोन वाजला.

"आई, आठवडा फार वाईट गेला गं. एक मिनिट बसायला मिळालं नाही. आज लवकर घरी आले." मागं गलका नव्हता. कुकरची शिट्टी ऐकू आली. तिनं विचारलं, "मग? कुठं अडलीस?"

टॅब समोर टेबलावर होता. त्या दोघी बाजेवर बसलेल्याच होत्या, मी बंद केलं नव्हतं.

"उंबऱ्यावरच," मी म्हटलं.

लांबनं गाडी आली आणि केडगाव पार करून गेली. मग तिनं नाक ओढलं.

"उंच आहे तो जरा," ती म्हणाली. "थांब, ताट वाढून घेते आणि निवांत सांगते. फोन ठेवू नको."

मी फोन तसाच कानाशी धरून आत गेले आणि माझंही ताट वाढून घेतलं.